सातवी

वरूडच्या रस्त्याला टिनाची शेड.
आम्ही बावीस जणी संत्री निवडायचो.
मोठं इकडे, बारकं तिकडे, डागी मागच्या ढिगात.
बोटांना सालीचं तेल,
रात्रीच्या भाकरीलाही तेच.

आंबियाचा माल होता. शनिवार.
आधी रंजना उभ्या उभ्या खाली बसली.
म्हणाली, "कायचा तरी वास येऊन रायला व."
तिच्या बाजूची दुर्गी ओकली.
मग खिडकीजवळच्या दोघी.
मग कोणीतरी ओरडलं, "औषध हाये, फवाऱ्याचं औषध!"
आणि तो शब्द
वासाच्या आधी सगळ्यांपर्यंत पोचला.

माझा नंबर सातवा.
बारा वर्षांनी सांगते, मला वास आला नव्हता.
पण समोर पडलेल्या सहांत एक माझी जाऊ होती,
आणि गुडघे माझेच असून
माझं ऐकत नव्हते.
ढोंग नव्हतं ते.
जीभ जड झाली, बोटं वाकडी झाली,
कोणी कांदा फोडून नाकाशी धरला.
कांद्याचा वास मात्र आला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरा जणी.
रक्त काढलं, सलाईन लावल्या,
शेडच्या माठातलं पाणी बाटलीत भरून नेलं.
कशातच काही निघालं नाही.

मागे पाच राहिल्या.
चौघी रडत होत्या.
पाचवी कौतिका. ती निवडत होती.

कौतिका, जिला आम्ही अर्धवट म्हणायचो,
मागून, आणि कधी तोंडावर.
जिच्या डब्यातलं लोणचं कोणी घेत नसे.
तिला विहिरीतून माणसं बोलायची,
मेलेला सासरा टिनावरून हाका मारायचा.
भगताने मिरच्यांची धुरी दिली,
तो खोकला अजून आहे.
मग ग्रामीण रुग्णालय, दर दुसऱ्या मंगळवारी,
कागदाच्या पुडीत महिन्याच्या गोळ्या.
तिथल्या नर्सबाईने तिला एक रीत शिकवली:
आवाज आला की बाजूवालीला विचारायचं.
तिलाही आला तर खरा.
नाही आला तर आपला एकटीचा,
येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा.

म्हणून ती विचारायची, "ट्रक आला का व?"
आम्ही एकमेकींकडे बघायचो.
कधी मुद्दाम म्हणायचो, "हाव, आला ना."
ती दारापर्यंत जाई,
रिकामा रस्ता बघून परत येई,
पुन्हा संत्री.

त्या मंगळवारी मीही गेले, डोकं गरगरायचं थांबलं नव्हतं.
मागच्या बाकावर बसले होते.
ती डॉक्टरांना म्हणाली,
"साहेब, गोळी वाढवा.
समद्याईले वास आला,
मलेच नाही आला.
म्हंजे मी अजून बिघडली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.
वर पंखा कटकट करत होता.
तो आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.

पुढे ते काय म्हणाले ते अर्धंच कळलं.
जांभईचं काहीतरी म्हणाले,
एकीची दुसरीला लागते तसं भीतीचं.
घोळक्याला स्वतःचं अंग असतं म्हणाले.
गोळी तेवढीच ठेवली.
जाताना तिने मला पाहिलं
आणि ओळख दाखवली नाही.
मीही नाही.

रंजना पुन्हा शेडवर आली नाही.
पहिली तीच का पडली,
त्या सकाळी घरून काय घेऊन निघाली होती,
हे ना रक्तात निघालं,
ना आमच्यातल्या कोणी विचारलं.

आता निवडायला यंत्र आहे, आम्ही आठच उरलो.
कौतिका माझ्या बाजूला बसते.
तिचं लोणचं फार तिखट असतं.
कधी माझ्या छातीत उगाच धडधडतं,
घाम फुटतो, टिन खाली येतं असं वाटतं,
तेव्हा मान न उचलता विचारते,
"वास येते का व, कौतिका?"

ती हातातलं संत्रं ठेवते.
नाक वर करते, घाई करत नाही.
बहुतेक वेळा म्हणते, "नाही येत."

परवा म्हणाली, "येते.
मांगं चहा करपून रायला. ऊठ."